आजचा मान्ना आजच

आजचा शास्त्रभाग : निर्गम १६:१३-३६, अनुवाद ८:२-३
सोबत वाचावं : लेवीय १९:९-१८



बायबल एका वर्षात वाचून काढायचं असं ठरवून आपल्यापैकी बरेच जण १ जानेवारीला सुरुवात करतात. आपल्या बायबलमध्ये ६६ पुस्तकं आणि ११८९ अध्याय आहेत. ३६५ दिवसांनी भागलं तर रोजचे सव्वातीन अध्याय होतात. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० अध्याय कसेबसे, बरेचदा मजेतही, पार पडतात. सृष्टी आहे, जलप्रलय आहे, योसेफाची गोष्ट आहे, तांबडा समुद्र आहे. या वेगाने गेलात तर साधारण २८ जानेवारीला तुम्ही लेवीयच्या पहिल्या अध्यायाशी येता. तिथे होमार्पण, अन्नार्पण, चरबी, गुरदे, रक्त. एक दिवस राहतो, मग तीन राहतात. ॲप दाखवायला लागतं की तुम्ही सतरा दिवस मागे आहात. मग तो आकडा बघायला नको म्हणून ॲपच उघडावंसं वाटत नाही. एखाद्याचे पैसे देणं लागत असलो की त्याची गल्ली टाळतो ना, तसंच.

बायबल वाचायचं सुटलं, याहून मोठं नुकसान इथे होतं. ज्याच्याशी बोलायला बसायचं होतं, तो देव आता आपल्याला वसुलीदार वाटायला लागतो. म्हणून आज रोजच्या वाचनाबद्दल बोलू या. सवय कशी लावायची हे तर बघूच, पण त्याआधी रोज वाचायचं ते कशासाठी, हे शास्त्रालाच विचारू या.

निर्गमाच्या १६ व्या अध्यायात इस्राएल लोक मिसरमधून निघून सीनच्या रानात आलेत. पोटात भूक आहे आणि तोंडात कुरकूर. देव सांगतो की मी आकाशातून भाकर देईन, लोकांनी रोज बाहेर जाऊन त्या त्या दिवसापुरती गोळा करायची. सकाळी दव सुकलं की जमिनीवर बारीक, पांढरं काहीतरी पडलेलं दिसतं. माणशी एक ओमर, असं माप ठरलेलं. कोणी जास्त गोळा केलं, कोणी कमी. मापून पाहिलं तर जास्तवाल्याचं उरलं नाही आणि कमीवाल्याला कमी पडलं नाही. काहींनी हुशारी केली आणि उद्यासाठी ठेवून दिलं. सकाळी त्यात किडे आणि घाण वास. ऊन तापलं की बाहेर राहिलेलं वितळून जायचं.

आता हा मान्ना आणि आपलं शास्त्रवाचन यांचा संबंध मी जोडत नाही, तो शास्त्रानेच जोडलाय. अनुवाद ८:३ मध्ये मोशे लोकांना चाळीस वर्षांची आठवण करून देताना सांगतो की देवाने तुम्हाला भुकेलं ठेवलं आणि मग मान्ना खायला दिला, तो एवढ्यासाठी की माणूस फक्त भाकरीवर जगत नाही, देवाच्या मुखातून येणाऱ्या शब्दावर जगतो, हे तुम्हाला कळावं. म्हणजे मान्ना हा चाळीस वर्षं चाललेला धडा होता, आणि त्या धड्याचा विषय देवाचं वचन हाच होता. तेव्हा मान्ना कसा मिळायचा, कसा खायचा, याचे जे नियम होते, त्यांत आपल्या वाचनासाठीही काही असणारच.

पहिली गोष्ट. कालचा राहिलेला मान्ना आज दुप्पट करून कोणी मागितला नाही. एखाद्या घरचा माणूस काल आजारी होता, उठलाच नाही, उशीर झाला, ऊन चढलं आणि सगळं वितळून गेलं असं समजा. आज सकाळी त्याच्या दाराशी काय असेल? आजचा एक ओमर. कालची थकबाकी नाही, दंडही नाही. ज्यांचे सतरा दिवस राहिलेत त्यांनी हे नीट ऐकावं. ते सतरा दिवस भरून काढायची जबाबदारी तुमच्यावर कोणीही टाकलेली नाही. आमच्या आयटीच्या कामात बॅकलॉग नावाचा प्रकार असतो, एक काम संपवलं की खाली चार वाढलेली दिसतात. त्याची सवय झालेला माणूस देवाच्या वचनाकडेही तसाच बघतो. पण देव आपल्याकडे बॅकलॉग ठेवत नाही. आज जी तारीख आहे त्या तारखेचा भाग उघडा आणि तिथून पुढे चला. मधले अध्याय कुठे जात नाहीत, पुढच्या फेरीत भेटतील.

दुसरी गोष्ट याच्या उलटी आहे. आजचा मान्ना उद्या चालत नाही. दोन वर्षांपूर्वी युवा शिबिरात ऐकलेला संदेश, रविवारच्या उपासनेतलं एक वाक्य, व्हॉट्सॲपवर आलेलं फुलांच्या चित्रावरचं वचन, यावर आठवडा काढता येईल असं आपल्याला वाटतं. त्या वेळी त्यातून खरंच बळ मिळालेलं असतं. पण सोमवारचा प्रश्न सोमवारी येतो. कालच्या अनुभवावर जगणाऱ्या विश्वासाला हळूहळू वास यायला लागतो. आपण तेच शब्द बोलतो, तीच साक्ष देतो, पण घरच्यांना कळतं की हे शिळं आहे. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही भाकर मागितलीय ती आजची. महिन्याची मागायला त्याने शिकवलं नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. 'मान्ना' हे नाव कुठून आलं? लोकांनी ते जमिनीवर पाहिलं आणि एकमेकांना विचारलं, हे काय आहे? हिब्रूतल्या त्या प्रश्नावरूनच नाव पडलं. चाळीस वर्षं ते रोज सकाळी जे खात होते त्याचं नावच एक प्रश्न होता. आपलं वाचन कोरडं होतं ते बरेचदा आपण प्रश्न विचारायचं सोडल्यामुळे. सव्वातीन अध्याय डोळ्यांखालून जातात, खूण होते, आणि दहा मिनिटांनी कोणी विचारलं की आज काय वाचलंस, तर सांगता येत नाही. पुस्तकही तेच आणि डोळेही तेच, फक्त 'हे काय आहे?' असं कोणी विचारलेलं नसतं.

याचा अर्थ वाचनाची योजना नको असा कोणी काढू नये. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात रॉबर्ट मरे मॅकचेन नावाचा तरुण पाळक होता. १८४२ च्या अखेरीस त्याने आपल्या मंडळीसाठी वर्षभराची वाचनयोजना तयार केली. रोज चार ठिकाणचे भाग, वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. आज जगभर अनेक ॲपमध्ये ही योजना सापडते. पण योजना देताना त्याने आधी तिचे धोके लिहिले होते, हे फार थोड्यांना माहीत असतं. वाचन नुसता उपचार होईल. वाचल्याचा अहंकार येईल. घाईत, निष्काळजीपणे वाचलं जाईल. आणि काहींना ते पेलणार नाही इतकं जड जोखड होईल. १८२ वगैरे दिवसांची स्ट्रीक मिरवणाऱ्या आपल्या काळाला हे चारही धोके जसेच्या तसे लागू पडतात. आणखी एक. योजना सुरू झाली १८४३ च्या जानेवारीत, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये मॅकचेन वारला, वयाच्या २९ व्या वर्षी. ज्याने वर्षाची योजना आखली त्यालाच ते वर्ष पुरं करायला मिळालं नाही. म्हणून त्याचं वाचन अपुरं राहिलं असं म्हणायचं का? त्याच्या वाट्याला जितक्या सकाळी आल्या, तितक्या सकाळचा मान्ना त्याने खाल्ला.

आता आपल्या मातीतलं उदाहरण घेऊ. नारायण वामन टिळक आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले. १८६१ साली करजगावला त्यांचा जन्म झाला. कवी, संस्कृतचा गाढा अभ्यास, वादविवादाची आवड. आगगाडीने नागपूरहून राजनांदगावला जाताना त्यांची एका युरोपियन गृहस्थाशी गाठ पडली. बोलणं कवितेवरून धर्मावर गेलं. उतरताना त्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची एक प्रत दिली, ती वाचा आणि प्रार्थना करा असं सांगितलं. टिळकांना त्या पुस्तकाची ओढ तर नव्हतीच, उलट नावडच होती. पण दिलेला शब्द पाळायचा म्हणून त्यांनी वाचायला घेतलं, आणि ते आपल्या नेहमीच्या पद्धतीने, हातात पेन्सिल घेऊन, लक्षात ठेवण्याजोगं जे वाटेल त्यावर खुणा करत. मत्तयच्या पाचव्या अध्यायाशी आले आणि पुढे जाता येईना. डोंगरावरच्या प्रवचनाचे ते तीन अध्याय, सगळी मिळून १११ वचनं, त्यांना सोडवेनात. जे प्रश्न ते वर्षानुवर्षं तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत शोधत होते त्यांची उत्तरं त्यांना तिथे दिसायला लागली.

टिळकांकडे त्या वेळी विश्वास नव्हता. आवड नव्हती. 'आज देवाचा स्पर्श झाला' असलं काही वाटावं अशी अपेक्षाही नव्हती. होती ती फक्त पेन्सिल, म्हणजे पुस्तकाला प्रामाणिकपणे प्रश्न विचारायची तयारी. आणि ते तीन अध्यायांवर थांबले. आपल्या योजनेच्या भाषेत ते 'मागे पडले'. अशा मागे पडण्यातून मराठी मंडळीला तिचा मोठा कवी मिळाला.

पण हेही सांगायला हवं की ते वाचन स्वस्तात पडलं नाही. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि घर फुटलं. लक्ष्मीबाई आणि ते काही वर्षं वेगळे राहिले. त्या काळात त्यांनी काय सोसलं ते 'स्मृतिचित्रे'मध्ये वाचायला मिळतं. पुढे त्या परत आल्या, स्वतःच्या वेळेने आणि स्वतःच्या विचाराने विश्वासात आल्या. रोजचं वाचन हा मन शांत करायचा एक छानसा उपाय, ध्यानाच्या ॲपसारखा, असं आपण समजत असू तर टिळक पती-पत्नींचं आयुष्य समोर ठेवावं. हे पुस्तक मनाला शांती देतं खरं, पण त्याआधी ते माणसाला हलवतं.

आणि आपल्याला ते हलवतं तरी कुठे? आता लेवीयकडे वळू, जिथे आपली गाडी अडकते तिथेच. रोज सव्वातीन अध्यायांच्या वेगाने ३ फेब्रुवारीच्या सुमाराला लेवीयचा १९ वा अध्याय येतो. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, ही आज्ञा मूळची इथली, १८ व्या वचनातली. प्रभू येशूला सगळ्यात मोठी आज्ञा विचारली गेली तेव्हा त्याने दुसरी म्हणून हीच सांगितली. म्हणजे रक्त आणि चरबीला कंटाळून जो लेवीयच्या दारातून परततो, तो या वचनाच्या जेमतेम सहा दिवस अलीकडे परततो.

पण ही आज्ञा एकटी येत नाही. तिच्या आधीची वचनं वाचा. शेत कापताना कडेपर्यंत कापू नका, खाली पडलेलं वेचू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. आणि १३ व्या वचनात, मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नका. अनुवाद २४:१४-१५ मध्ये हेच पुन्हा येतं आणि तिथे परदेशी मजुराचाही उल्लेख आहे. सूर्य मावळायच्या आत द्या, कारण त्याचा जीव त्यावर लागलेला असतो. नव्या करारात याकोब ५:४ मध्ये अडकवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि तो आवाज देवाच्या कानी जातो.

शेजाऱ्यावर प्रीती म्हणजे काय, असा प्रश्न विचारला तर आपण हसून बोलणं, माफ करणं वगैरे सांगू. लेवीय सांगतो की ज्याच्याकडून काम करून घेतलंस त्याचे पैसे आज संध्याकाळी दे. रत्नागिरीत राहणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. हापूसचा हंगाम आला की बागांमध्ये राखणीला, फवारणीला, आंबा उतरवायला नेपाळहून आलेली माणसं असतात. घर इथून शेकडो मैलांवर, भाषा वेगळी, हिशेब मालकाच्या वहीत. ज्यांच्या बागा आहेत त्यांनी हा अध्याय वाचला तर त्या दिवसाचं मनन डायरीत लिहून संपत नाही. ते बागेतल्या झोपडीपर्यंत चालत जायला हवं. आणि ज्यांच्या बागा नाहीत, जे पुण्या-मुंबईत फ्लॅटमध्ये राहतात, त्यांच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी आहेत, इस्त्रीवाला आहे, घरी काम करून गेलेला सुतार आहे, ज्याला 'बघतो, पुढच्या आठवड्यात जीपे करतो' असं सांगितलंय. त्या दिवशी सकाळी वचन वाचून दहा वाजता ते पैसे पाठवले, तर तो माणूस बायबल वाचला. एकही वचन पाठ झालं नसलं तरी चालेल.

निर्गम १६:४ मध्ये देव मान्ना देतानाच सांगतो की रोज गोळा करायला लावून मी यांची पारख करणार आहे, हे माझ्या नियमाप्रमाणे चालतात की नाही ते बघणार आहे. म्हणजे रोजचा वाटा हा रोजच्या चालण्यासाठी. मला वाटतं, वाचनाची सवय अर्थपूर्ण होते ती इथेच. आज जे वाचलं त्यातली एक गोष्ट आज सूर्य मावळायच्या आत करणं. जेवढं करता येईल तेवढंच, पण आजच. याकोबाने पहिल्या अध्यायात सांगितलेला माणूस आठवा, आरशात तोंड बघून निघून जातो आणि आपण कसे दिसतो तेच विसरतो. त्याने आरसा बघितला नाही असं याकोब म्हणत नाही. कदाचित तो रोज नियमाने बघत असेल.

मग बसायचं कसं? थोडं व्यवहाराचं बोलू.

वेळ आणि जागा ठरवा, आणि ती आधीपासून जे करता त्याला जोडा. सकाळचा चहा हातात आला की पहिल्यांदा हे पुस्तक, मग मोबाइल. ज्याची शिफ्ट रात्रीची असते त्याची सकाळ दुपारी होते, त्यानेही लाजू नये. मान्ना सकाळी पडत होता, पण तुमची सकाळ कधी होते ते प्रभूला माहीत आहे.

भाग लहान घ्या. पहिल्यांदाच सवय लावत असाल तर मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करा. १६ अध्याय आहेत, रोज एक घेतला तर सोळा दिवस. नंतर एक पुस्तक जुन्या करारातलं, एक नव्यातलं. ज्यांना वर्षाची योजना जमते त्यांनी जरूर चालवावी, फक्त त्यातला एक परिच्छेद थांबण्यासाठी निवडावा.

शक्य असेल तर छापील प्रत घ्या, आणि पेन्सिल. मोबाइलवर वचन वाचता वाचता वर नोटिफिकेशन येतं आणि पौलाच्या वाक्याच्या मधोमध ऑफिसचा ग्रुप उघडतो. कोकण रेल्वेने गावी येताना करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो आणि नेटवर्क जातं, तेवढी मिनिटं माणूस खरं वाचतो. घरी तसा एक बोगदा आपणच तयार करायचा. एअरप्लेन मोड हा त्यासाठीही आहे.

मराठीतून वाचा आणि तोंडाने वाचा. आपल्यापैकी अनेकांचं शिक्षण इंग्रजीत झालंय, इंग्रजी बायबल सोपं वाटतं. ते वाचाच. पण आपण रडतो, रागावतो आणि प्रार्थनेत अडखळतो ती भाषा मराठी असेल तर वचनालाही त्या भाषेत येऊ द्या. पंडिता रमाबाईंनी यासाठी आयुष्य घातलं. संस्कृतातल्या पंडिता, सिलचरला असताना त्यांना घरच्या पुस्तकांत बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं, तिथून त्यांची वाट सुरू झाली. पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या, अक्षरओळखही नसलेल्या शेकडो मुली आणि बायका होत्या. त्यांना कळेल अशा साध्या मराठीत सगळं बायबल आणायचं म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि जवळजवळ अठरा वर्षं भाषांतर करत राहिल्या. मुक्तीच्या छापखान्यात त्याच बायका काम करायच्या. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई प्रभूकडे गेल्या. एवढ्या मोठ्या पंडितेने विद्वत्ता दाखवायला जड मराठी लिहिली नाही. वाचणारीच्या तोंडात घास मावेल एवढा तो बारीक केला. आज आपल्या खिशात तीन-चार मराठी भाषांतरं असतात. ती आयती आलेली नाहीत.

मोठ्याने वाचण्याचं आणखी एक कारण. पहिल्या स्तोत्रात धन्य माणूस रात्रंदिवस नियमशास्त्राचं मनन करतो असं सांगितलंय. तिथला हिब्रू शब्द पुटपुटण्याचा, हळू आवाज काढण्याचा आहे. यशया ३१:४ मध्ये शिकारीवर बसून गुरगुरणाऱ्या सिंहासाठी तोच शब्द आलाय. आपल्याकडे रवंथ म्हणतात ते याच्या जवळचं. आजी जात्यावर, चुलीपुढे स्तोत्र पुटपुटायची, तिला मनन म्हणजे काय हे कोणी शिकवलं नव्हतं. आपल्याला बसमध्ये, जिन्यावर, लिफ्टमध्ये ते करता येईल. आणि घरी आई-बाबांचे डोळे अधू झाले असतील तर त्यांना वाचून दाखवा. एका वाचनात दोघांचं जेवण होतं.

वाचून झालं की तीन ओळी लिहा. हे काय आहे? यात देव कसा दिसला? आज संध्याकाळपर्यंत मी काय करणार? तिसऱ्या ओळीत कोणाचं तरी नाव यावं. 'मी अधिक प्रेमळ होईन' असं लिहिलं तर संध्याकाळी तपासता येत नाही. 'मावशींचे राहिलेले पैसे देईन' हे तपासता येतं.

आणि काही वेळा काहीच वाटणार नाही. वाचाल, प्रार्थना कराल, उठाल, मन जसंच्या तसं. तेव्हा घाबरू नका. गेल्या महिन्यात ८ तारखेला दुपारी काय जेवलात, आठवतंय? नाही ना. तरी त्या जेवणाने त्या दिवशी पोसलंच. इस्राएल लोकांनाही मान्नाचा कंटाळा आला होता, गणनेच्या ११ व्या अध्यायात ते मिसरच्या काकड्या आणि लसूण आठवून रडतात. पण चाळीस वर्षं रान तुडवलं ते त्याच मान्नावर.

मान्नाबद्दल एक शेवटचं. एरवी ठेवून दिलेला मान्ना किडायचा, पण एक ओमर किडला नाही. निर्गम १६ च्या शेवटी मोशे सांगतो की एका भांड्यात एक ओमर भरून पुढच्या पिढ्यांसाठी देवापुढे ठेवा. हे भांडं म्हणजे आपण पाठ केलेली वचनं असं मला नेहमी वाटतं. त्याचा उपयोग कधी होतो ते मत्तयच्या चौथ्या अध्यायात बघा. प्रभू येशू रानात आहे, चाळीस दिवसांचा उपाशी, हातात शास्त्राची गुंडाळी नाही, सोबत कोणी नाही. सैतान तीनदा येतो. तिन्ही वेळा प्रभू जे उत्तर देतो ते अनुवादाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायातलं आहे. पहिलं उत्तर तर तेच, मान्नाचा अर्थ सांगणारं. ज्या पुस्तकापर्यंत आपली वाचनाची योजना फेब्रुवारीत पोचतच नाही, ते पुस्तक आपल्या तारणाऱ्याने त्या दिवशी हत्यार म्हणून वापरलं. नासरेथच्या घरात आणि सभास्थानात किती वर्षांच्या सकाळींनी ते भांडं भरलं असेल!

आणि तोच प्रभू योहानाच्या सहाव्या अध्यायात सांगतो की मान्ना खाल्लेले तुमचे पूर्वज मेले. खरी भाकर मी आहे. पाचव्या अध्यायात त्याने शास्त्र शोधणाऱ्यांनाच सुनावलंय की तुम्ही शास्त्र शोधता आणि ते माझ्याविषयी साक्ष देतं, तरी तुम्ही माझ्याकडे येत नाही. तेव्हा पान उलटताना लक्ष त्याच्याकडे असू द्या. अध्याय संपले, खूण झाली आणि त्याच्याशी एक शब्दही बोललो नाही, तर आपण ताट घासून पुसून ठेवलं पण जेवलो नाही.

ज्यांचं वाचन सुटलंय, त्यांच्यासाठी उद्याची सकाळ आहे. दव सुकेल आणि तुमच्या वाट्याचा एक ओमर दाराशी असेल. आधीचा हिशेब कोणी विचारणार नाही.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, तू रोज देतोस आणि आम्ही साठवायला बघतो, किंवा घ्यायलाच येत नाही. राहिलेल्या दिवसांचं ओझं आमच्या मनावरून काढ. तुझं वचन उघडताना आम्हाला प्रश्न विचारायचं धैर्य दे, आणि उत्तर मिळाल्यावर ते आजच पाळायचं बळ दे. ज्यांची मजुरी आमच्याकडे आहे, ज्यांना आम्ही ताटकळत ठेवलंय, त्यांची नावं आज आम्हाला आठवू दे. जे कंटाळलेत, थकलेत, ज्यांना काहीच वाटेनासं झालंय, त्यांना तू स्वतः भरव. जीवनाची भाकर जो प्रभू येशू, त्याच्या नावाने मागतो. आमेन.

आजची कृती : संध्याकाळपर्यंत एका माणसाचं देणं चुकतं करा. पैसे असतील, फोन असेल, किंवा कबूल केलेली वेळ असेल.

उद्याचा शास्त्रभाग : मत्तय ५:१-१२. पेन्सिल घेऊन बसा.